उभ्या मोटरहोमची बॅटरी हिवाळ्यात पितं कोण?

तर झालं असं की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घरासमोर लावली, टाक्या रिकाम्या केल्या, गाद्या उभ्या करून ठेवल्या, फ्रीजचं दार उघडं ठेवलं, सगळं अगदी शिस्तीत, आणि महिना संपायच्या आत एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक् टक् टक्. दिवे पिवळे, मग तेही गेले. गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं केलं, म्हणाला बॅटरी जुनी झालीये, नवीन टाका. टाकली. नवीन बॅटरी तिसऱ्या आठवड्यात परत मेली. परत गेलो तर म्हणे थंडीमुळे होतं असं. इथे यॉर्कशायरमध्ये कुठलीही गोष्ट थंडीवर ढकलता येते आणि कोणी वाद घालत नाही.

बाबा पुण्याहून फोनवर म्हणाले, अरे रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा की. त्यांची चेतक तिरकी करून किक मारली की व्हायची सुरू, त्यामुळे त्यांचा सल्ला त्या शाळेतला. पण हा सल्ला इथलेही लोक देतात, आणि तो का चुकीचा आहे ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात. एक गाडीची, जी इंजिन स्टार्ट करते. दुसरी घरची, म्हणजे आतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा वगैरे. इथे तिला लेझर बॅटरी म्हणतात, किरणांचा लेझर नव्हे, फुरसतीचा, पण हा गोंधळ नको म्हणून मी आपलं घरची बॅटरी म्हणतो. लोक सांगतात "बॅटरी उतरली", आणि विचारलं कुठली, तर माहीत नसतं. दोन्हींचे चोर वेगळे, उपाय वेगळे, त्यामुळे पहिला प्रश्न हाच. इंजिन घरघरत नाही म्हणजे गाडीची. आतला दिवा लागत नाही, कंट्रोल पॅनल मेलंय म्हणजे घरची.

आता सोसायटीची गच्चीवरची टाकी आठवा. सकाळी नळाला पाणी नाही, तर कारणं तीनच. कुठेतरी गळतंय, किंवा वर पाणी चढलंच नाही, किंवा टाकीत इतका गाळ साचलाय की हजार लिटरच्या टाकीत चारशेच मावतंय. बॅटरीचंही हेच आहे. कोणीतरी करंट पितंय, किंवा चार्जिंग होतच नाहीये, किंवा बॅटरीच आतून गेलीये. गॅरेजवाले थेट तिसऱ्यावर जातात कारण बॅटरी विकणं सोपं, गळती शोधायला तास दोन तास बसावं लागतं आणि तेवढ्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. त्यांचंही चुकीचं नाही म्हणा.

मग थंडी काहीच करत नाही का? करते, पण लोकांना वाटतं ते नाही. थंडी बॅटरी रिकामी करत नाही. उलट शिसं-ॲसिडची बॅटरी कशालाही न जोडता ठेवली तर ती जी आपोआप थोडी थोडी उतरते, खोलीच्या तापमानाला महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के, ते उतरणं थंडीत कमी होतं. थंडी काय करते तर आतली रासायनिक क्रिया मंद करते, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास त्याच बॅटरीतून साधारण पाचातले चार भागच काढता येतात, आणि नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं म्हणून स्टार्टरला जास्त जोर लागतो, आणि डिझेल असेल तर सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग आधी आपला हप्ता घेऊन जातात. म्हणजे अर्धी उतरलेली बॅटरी जुलैत गाडी सहज सुरू करेल आणि तीच अर्धी उतरलेली बॅटरी जानेवारीत हात वर करेल. थंडीने चोरी केली नाही, चोरी उघडकीस आणली.

बरं, मोजायचं कसं. एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो, इथे पंधरा-वीस पाउंडात बरा मिळतो. आधी व्होल्टेज. गाडी बंद करून, चार्जर काढून निदान तीन-चार तास गेलेले हवेत, नाहीतर वरवरचा चार्ज खोटं बोलतो. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ वर आली की पावच उरली. इथे गंमत बघा, "बारा व्होल्टची बॅटरी आहे आणि बारा व्होल्ट दाखवतेय म्हणजे ठीकच की" असं मलाही वाटलं होतं. बारा म्हणजे जवळजवळ रिकामी! बारा हे नुसतं नाव आहे, जसं आपल्याकडे आठची मीटिंग.

आता बॅटरी गेलीये की नाही ते आधी निकालात काढा, कारण ते फुकटात होतं. पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह टोक काढून बाजूला ठेवा, दोन-तीन दिवस तशीच राहू द्या आणि परत मोजा. काहीही जोडलेलं नसताना १२.७ ची १२.३ झाली तर बॅटरी आतूनच गळतेय, द्या सोडून. आणि रात्रभर चार्जरला लावूनही साडेदहाच्या आसपास अडकून बसली तर समजा की एक सेल गेला, कारण आत सहा सेल असतात, प्रत्येक २.१ व्होल्टचा, त्यातला एक गेला की उरलेल्या पाचांचे साडेदहा. माझी नवी बॅटरी तीन दिवसांनी १२.६८ होती. म्हणजे बिचारी निर्दोष, आणि कदाचित तिच्या आधीचीही निर्दोषच असावी, जी मी भंगारात दिली.

एक सावधगिरी, टोकं काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, आणि हातातली अंगठी काढून ठेवा. शिवाय अलार्म असेल तर त्याच्या भोंग्यात बऱ्याचदा स्वतःची छोटी बॅटरी असते, मुख्य बॅटरी काढली की त्याला वाटतं चोर आला. आमच्या गल्लीत रविवारी सकाळी आठला तो जो काय बोंबलला, त्यानंतर शेजारच्या आजींनी आठवडाभर गुड मॉर्निंग म्हटलं नाही.

आता मुख्य काम, करंट मोजणं. मीटर अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाच्या आणि काढलेल्या केबलच्या मध्ये लावायचा, म्हणजे जो काही करंट गाडीत जाईल तो मीटरमधून जाईल. पाण्याच्या पाइपमध्ये मीटर बसवतात तसंच. मीटर अशा अवस्थेत असताना किल्ली फिरवायची नाही, हीटर लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात टाका, नाहीतर उद्या व्होल्टेज बघायला म्हणून बॅटरीच्या दोन टोकांना लावाल आणि ते सरळ शॉर्ट सर्किट होईल. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, असेल तर काहीच काढावं लागत नाही, पण स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी, म्हणजे घरच्या विजेचा करंट मोजतात, घेताना बॅटरीचा, म्हणजे डीसी मिलिअँपिअर मोजतो का ते बघून घ्या.

इथेच बहुतेक जण फसतात. केबल जोडली की गाडीतले सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि मीटर दोन-तीन अँपिअर दाखवतो, माणूस घाबरतो, अरे बापरे केवढी गळती! तसं नाही. त्यांना झोपायला वेळ लागतो, वीस मिनिटं, कधी चाळीस. दार उघडं राहिलं तर झोपतच नाहीत, म्हणून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद असल्यासारखं दाबून ठेवायचं, किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, आणि चहा प्यायला घरात जायचं. मी दोन कप प्यायलो. परत आलो तर मीटर ०.२१ वर स्थिर.

आता ०.२१ अँपिअर ऐकायला काय, चिल्लर वाटते. पण ही चिल्लर चोवीस तास जाते. ०.२१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ५ अँपिअर-तास. माझी बॅटरी ९५ अँपिअर-तासांची. दहा दिवसांत अर्धी, तिसऱ्या आठवड्यात ठणठणाट. दोन्ही वेळा अगदी याच सुमारास मेली होती. हिशोब जुळला तेव्हा जो आनंद झाला तो दहावीच्या गणितात सुद्धा झाला नव्हता. आणि उन्हाळ्यात हे का कळलं नाही तर उन्हाळ्यात दर शनिवार-रविवार गाडी कुठे ना कुठे जायची, गळती होतीच, पण टाकी दर आठवड्याला भरली जात होती.

बंद गाडीत थोडा करंट जाणारच, तो शून्य कधीच नसतो. अलार्म, ट्रॅकर, किल्लीचा रिसीव्हर, घड्याळ. साधारण २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं असं धरा. माझं चौपट.

चोर शोधायची जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज काढत जायचं आणि मीटर कधी खाली येतो ते बघायचं. चालते ती, पण फ्यूज परत लावताना एखादा कॉम्प्युटर जागा होतो आणि परत वीस मिनिटं थांबा. त्यापेक्षा चांगली युक्ती आहे, फ्यूज न काढता. प्रत्येक पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टेकवायचा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर अगदी बारीकसा आकडा येतो, कारण फ्यूज म्हणजे शेवटी तारच, तिला थोडासा रेझिस्टन्स असतोच. १० अँपिअरच्या फ्यूजला तो साधारण साडेसात-आठ मिलिओहम, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर जातायत असं समजायचं. दशांश मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा मात्र.

मी गुडघ्यावर बसून एकेक बघत गेलो. आमची मोटरहोम फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली, आणि डुकाटोची बॅटरी बॉनेटखाली नसते, पुढे पायाखालच्या जमिनीत असते, त्यामुळे सगळा कार्यक्रम वाकून. शून्य, शून्य, ०.१, शून्य, आणि मग एका १० अँपिअरच्या फ्यूजवर १.२. पुस्तकात बघितलं, रेडिओ. फ्यूज काढला आणि मीटर ०.२१ वरून ०.०५ वर आला.

रेडिओ तर बंद होता! बंद म्हणजे बटनाने बंद. झालं होतं असं की आधीच्या मालकाने कंपनीचा रेडिओ काढून बाहेरचा टचस्क्रीनवाला लावला होता, रिव्हर्स कॅमेरा दाखवणारा. अशा रेडिओला दोन लाइव्ह वायरी असतात, पिवळी आणि लाल. पिवळी कायम चालू, रेडिओ बंद असताना ती फक्त स्टेशनं लक्षात ठेवायला, तेव्हा तिचा खर्च नगण्य. लाल वायर किल्लीवर, ती सांगते की आता जागा हो. त्या गृहस्थांना कॅम्पवर किल्ली न लावता गाणी ऐकायची असावीत, त्यांनी दोन्ही वायरी एकत्र पिळून पिवळ्यावर जोडल्या. त्यामुळे रेडिओला कायम वाटत होतं की गाडी चालू आहे, स्क्रीन काळी पण आत ब्लूटूथ फोनची वाट बघत जागं. मी लाल वायर वेगळी करून किल्लीच्या लाइनवर दिली, दहा मिनिटांचं काम. बाहेरून नंतर बसवलेली वस्तू, मग तो रेडिओ असो, डॅशकॅम असो, ट्रॅकर असो, तिच्यावर पहिला संशय घ्यायचा, कंपनीच्या वायरिंगवर नंतर.

एखाद्याला एकाही फ्यूजवर काही सापडत नाही आणि तरी मीटर वर असतो. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र. त्याची जाड वायर या छोट्या फ्यूजमधून जातच नाही, आणि आतला डायोड खराब झाला की गाडी बंद असताना उलटा करंट वाहतो. अल्टरनेटरची वायर काढली आणि मीटर पडला तर तोच.

आणि मोटरहोमचा खास आजार म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधला रिले. इंजिन चालू झालं की हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो म्हणजे अल्टरनेटर दोघींनाही चार्ज करतो, इंजिन बंद की वेगळ्या करतो. तो चिकटून बसला तर दोघी कायमच्या जोडलेल्या, आणि घरची बॅटरी रिकामी होताना गाडीचीही ओढून नेते. तपासायला सोपं आहे, इंजिन बंद ठेवून दोन्हींचं व्होल्टेज मोजा, अगदी शतांशापर्यंत सारखं असेल तर संशय घ्या, मग आतले सगळे दिवे लावा. गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेजसुद्धा लगेच खाली सरकलं तर रिले चिकटलाय.

आता घरच्या बॅटरीकडे. माझी तीही हळूहळू उतरत होती, महिन्याभरात १२.७ ची १२.३, आणि मला हे कळेना कारण वर १०० वॉटचं सोलर पॅनल आहे! आपल्या डोक्यात पुण्याचं ऊन असतं ना. पुण्यात डिसेंबरात सुद्धा भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, इथे लीड्सला जेमतेम १३. समोरच्या घराच्या धुराड्यामागून निघतो आणि झाडामागे मावळतो. त्यात पॅनल छतावर आडवं, म्हणजे किरणं त्याला नुसती चाटून जातात. दिवसाला दोन-तीन अँपिअर-तास मिळाले तर नशीब, जूनच्या साधारण एक दशांश. माझ्या पॅनलवर वर कबुतरांचा प्रसाद आणि ओली पानं. शिवाय बऱ्याच गाड्यांत पॅनल फक्त घरच्या बॅटरीला जोडलेलं असतं, गाडीच्या बॅटरीला त्याचा दमडीचा उपयोग नाही, आणि मालक मात्र सोलर आहे म्हणून निर्धास्त.

कंट्रोल पॅनल बंद केलं की घरातलं सगळं बंद, हाही गैरसमज. बंद करून मोजलं तर ११० मिलिअँपिअर जात होते. एक होता गॅस गळतीचा अलार्म, तो थेट बॅटरीवर जोडलेला. दुसरा टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर, कपाटाच्या आत, त्याचा इवलासा हिरवा दिवा मी दोन वर्षं बघितलाच नव्हता. दोघांचे मिळून दिवसाला २.६ अँपिअर-तास, म्हणजे डिसेंबरातलं सोलर चांगल्या दिवशी जेवढं आणतं तेवढं, आणि वाईट दिवस इथे जास्त. बूस्टर बंद केला, पॅनल पुसलं, आणि हिवाळ्यापुरती गॅसची बाटली बंद करून अलार्मचा फ्यूज काढून ठेवला. काढला तर स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा, वसंतात परत लावायचं विसरू नका, ही गंमत नाही. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर तो मेन बटनाने बंद करा, मोठे इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसते चालू असताना अर्धा ते एक अँपिअर खातात.

आता बाबांचा सल्ला. स्टार्ट करायला ३०० अँपिअर लागतात हे खरं, पण तीनच सेकंद, म्हणजे हिशोबाने पाव अँपिअर-तास. त्यात ग्लो प्लगचा खर्च वेगळा. पण थंड बॅटरी चार्ज घेतेच मुळी सावकाश, आणि पाच मिनिटं आयडलिंगवर इंजिन गरमही होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये डिझेल उतरतं. चालवायचीच असेल तर महिन्यातून एकदा तासभर हायवेवर न्या, नाहीतर हातच लावू नका.

चोर पकडला म्हणून काम संपत नाही हे मला उशिरा कळलं. उरलेले ०.०५ अँपिअर दिवसाला १.२ अँपिअर-तास नेतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० दिवस, म्हणजे १४४. बॅटरी ९५ ची! सगळं व्यवस्थित असलेली गाडी सुद्धा अख्खा हिवाळा काढत नाही. एक उपाय म्हणजे निगेटिव्ह काढून ठेवणं, पण इथे बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये अलार्म किंवा ट्रॅकर चालू हवा अशी अट असते, आधी कागद वाचा. दुसरा उपाय स्मार्ट चार्जर. घरच्या विजेला गाडी जोडली तर आतला चार्जर दोन्ही बॅटऱ्या भरतो असं धरून चालू नका, कित्येक गाड्यांत तो फक्त घरचीच भरतो. प्लग लावा आणि थोड्या वेळाने गाडीच्या बॅटरीवर मीटर टेकवा, १३ च्या वर गेलं तर भरतोय, १२.५ वरच बसलं तर नाही. मी दर पंधरा दिवसांनी गाडीच्या बॅटरीला वेगळा चार्जर रात्रभर लावतो.

हे टाळलं तर नुसती स्टार्ट न होण्याची कटकट नाही. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात, तोच टाकीतला गाळ, आणि तो परत निघत नाही. दुसरं म्हणजे भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० ला सुद्धा गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे आठ-दहाला गोठतं. स्कॉटलंडच्या डोंगरात गाडी ठेवणाऱ्यांना हे नवीन नाही. फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर चार्जर लावायचा नाही, आधी घरात आणून पूर्ण वितळू द्यायची, आणि कवच तडकलेलं असेल तर सरळ टाकून द्यायची.

ज्यांच्याकडे लिथियम आहे त्यांना वरचे व्होल्टचे आकडे लागू नाहीत, तिचं व्होल्टेज भरल्यापासून रिकामी होईपर्यंत जवळपास सपाट असतं, शंटवाला मॉनिटर, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट सतत मोजणारा, लागतो. तिला हिवाळाभर पूर्ण भरून ठेवायची गरज नाही, अर्ध्याच्या थोडं वर पुरे, आणि शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही.

माझ्या वहीत आता दर दुसऱ्या रविवारचा आकडा आहे. काल गाडीची १२.६१, घरची १२.५८, बाहेर उणे दोन. बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले, हे सगळं ठीक आहे रे, पण चालू करून बघितलीस का एकदा?